व्युत्पत्तीला आधार कोणाचा घ्यावा: कोश, सरकारी माहिती की शिलालेख?

मराठी विकिपीडियावर ‘सोलापूर’ या नावाचा उगम लिहायला बसलेल्या संपादकापुढे पहिल्याच वाक्यात पेच उभा राहतो. सोळा गावे मिळून सोलापूर झाले, हे सोलापुरात प्रत्येकाने लहानपणी ऐकलेले असते, आणि शिलालेखांतली नावे मात्र वेगळेच सांगतात. एक जण ‘सोळा गावे’ लिहितो, दुसरा ते उलटवतो, म्हणजे तो बदल रद्द करतो, तिसरा ‘संदर्भ हवा’ असा साचा, म्हणजे तयार सूचना, लावून निघून जातो, आणि संपादकांनी आपसांत बोलायच्या चर्चा पानावर शब्दापेक्षा माणसांविषयीच अधिक बोलले जाऊ लागते. या वादात मी दोन्ही बाजूंनी भांडलो आहे. म्हणून ज्याला आज निर्णय घ्यायचा आहे, त्याच्यासाठी हे आधार शेजारी शेजारी मांडतो.

सोळा गावांचे मत दुबळे समजून सोडून देता येत नाही, कारण जिल्ह्याच्या सरकारी माहितीतही ते आहे आणि तिथे गावांची यादीच दिलेली आहे: आदिलपूर, अहमदपूर, चपळदेव, फतेहपूर, जामदारवाडी, राणापूर, सोनापूर, वैदकवाडी इत्यादी. दुसरे मत शिलालेखांवर उभे आहे. कल्याणीच्या कलचुरी राजांच्या काळातील, म्हणजे शिवयोगी सिद्धेश्वरांच्या काळातील लेखांत या गावाचे नाव ‘सोन्नलगे’ असे येते, आणि शिवभक्त संतांच्या कन्नड वचनसाहित्यातही सिद्धरामांची, म्हणजे याच सिद्धेश्वरांची, ओळख सोन्नलिगेचे सिद्धराम अशीच आहे. पुढे मोहोळ तालुक्यातील कामती येथील शके १२३८ च्या, म्हणजे इसवी सन १३१६ च्या संस्कृत लेखात ‘सोनलीपूर’ दिसते. सोलापूरच्या किल्ल्यातील एका लेखात ‘सोनलपूर’, तर किल्ल्यातल्याच विहिरीवरील लेखात ‘संदलपूर’ असे नाव आहे. ‘सोनलपूर’मधील ‘न’ लोपून ‘सोलापूर’ झाले, असा या मताचा निष्कर्ष आहे. म्हणजे एका बाजूला फक्त अर्थ जुळतो, तर दुसऱ्या बाजूला नावाची रूपे काळाच्या क्रमाने समोर ठेवता येतात, आणि व्युत्पत्तीच्या प्रश्नात माझ्या मते हा फरक निर्णायक आहे.

इथे स्वतःचा युक्तिवाद लेखात घालण्याचा मोह होतो आणि तो मलाही झाला होता. सोळा गावांची यादी नीट वाचली, तर तिच्यात खुद्द ‘सोलापूर’ हे एक गाव आहेच, शिवाय ‘सोनलगी’ आणि ‘संदलपूर’ हीही आहेत. ज्या सोळांमुळे सोलापूर हे नाव पडले, त्या सोळांत सोलापूर आधीच कसे असेल? दुसरे असे की मराठीत संख्या ‘सोळा’ आहे, ‘ळ’ने उच्चारली जाणारी, आणि गावाचे नाव मात्र आपण सगळे ‘ल’नेच घेतो. दोन्ही आक्षेप मला आजही बिनतोड वाटतात. तरीही ते विकिपीडियाच्या लेखात घालता येत नाहीत, कारण तिथल्या धोरणानुसार ते ‘मूळ संशोधन’, म्हणजे छापील आधाराशिवाय संपादकाने स्वतः काढलेला निष्कर्ष, ठरते. दोन संदर्भ जोडून त्यांपैकी एकातही नसलेला तिसरा निष्कर्ष काढणेही त्याच नियमात बसते. मी ही वाक्ये घातली, ती दुसऱ्या दिवशी काढली गेली, आणि काढणाऱ्याचे बरोबर होते. असे मुद्दे चर्चा पानावर मांडावेत. तिथे त्यांचा उपयोग कोणत्या संदर्भाला किती वजन द्यायचे हे ठरवायला होतो.

गावाच्या नावासाठी कोश फारसा कामाचा नाही. साध्या शब्दासाठी मात्र कोशच हवा, आणि सगळे कोश एका मापाचे नाहीत. मोल्सवर्थचा कोश (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) शब्द संस्कृत की फारसी हे एका अक्षराच्या खुणेने सांगतो. त्या काळात शब्द कोणत्या अर्थाने चालत होता हे दाखवायला तो उत्तम, पण उगमासाठी एकट्याने पुरेसा नाही. दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ (१९३२ ते १९३८, पुरवणी १९५०) नोंदीत चौकटी कंसात व्युत्पत्ती देतो. बोलीतले शब्द आणि प्रयोग यांसाठी माझा हात आधी याच कोशाकडे जातो. कृ. पां. कुलकर्णी यांचा ‘मराठी व्युत्पत्ति कोश’ (१९४६) नावाप्रमाणे याच कामासाठी लिहिलेला असल्याने चर्चेत त्याला मान मिळतो आणि तो योग्यच आहे. मात्र नोंद थोडक्यात असेल, तर एवढ्यावर वाद मिटला असे समजू नये. शब्द जुना आहे की अलीकडचा, यावर भांडण अडले असेल तर तुळपुळे आणि फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा कोश (१९९९) उघडावा, कारण तो जुन्या ग्रंथांतील आणि शिलालेखांतील प्रत्यक्ष प्रयोग दाखवतो. यांपैकी मोल्सवर्थ, दाते-कर्वे आणि तुळपुळे-फेल्डहाउस हे तिन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात, त्यामुळे ‘पुस्तक मिळाले नाही’ ही सबब आता उरलेली नाही.

सोलापुरात खरी ओढाताण होते ती मराठी आणि कन्नड यांच्या सामाईक शब्दांवर. घरात एक भाषा, शेजारी दुसरी आणि विणकरांच्या पेठेत तेलुगू, असे हे शहर असल्याने ‘हा शब्द आमचा’ ही भावना इथे चटकन जागी होते. ‘तूप’ घ्या. कन्नडमध्ये ‘तुप्प’ आहे आणि प्राकृतातही ‘तुप्प’ आहे. एक संपादक टर्नर यांचा भारतीय आर्यभाषांचा तौलनिक कोश पुढे करतो, दुसरा बरो आणि एमेनो यांचा द्राविडी व्युत्पत्ती कोश, आणि दोघांनाही आपण जिंकलो असे वाटते. पण द्राविडी कोशाच्या १९८४ च्या दुसऱ्या आवृत्तीत संबंधित ठिकाणी टर्नरच्या नोंदींचे क्रमांक दिलेले असतात, म्हणजे कोशकारांनी स्वतःच वाचकाला पलीकडच्या कोशाकडे धाडलेले असते. अशा शब्दाला दोन्ही कोशांचा संदर्भ द्यावा आणि दोन्ही रूपे लिहावीत. ‘अमुक भाषेतून आला’ हे क्रियापद तेवढे टाळावे.

वर्तमानपत्रातील पुरवण्या आणि पर्यटनाची संकेतस्थळे मी व्युत्पत्तीसाठी मुळीच वापरत नाही. त्यांतला मजकूर अनेकदा विकिपीडियावरूनच उचललेला असतो, आणि मग तोच पुन्हा विकिपीडियाला संदर्भ म्हणून येऊन चिकटतो. शंका आली तर लेखाच्या ‘इतिहास पहा’मध्ये जाऊन ते वाक्य कोणत्या तारखेला आले हे पाहावे. बातमी त्यानंतरची असेल, तर तो संदर्भ बाद.

राहिला प्रश्न लोकसमजुतीचा: काढून टाकायची की ठेवायची? काढणाऱ्यांचे म्हणणे असे की चुकीची गोष्ट ज्ञानकोशात नको. माझा अनुभव असा की काढलेले वाक्य महिन्याभरात कोणी तरी पुन्हा घालतोच, आणि तेही संदर्भाशिवाय, कारण त्याला ते लेखात कुठेच दिसलेले नसते. म्हणून मी ते ठेवतो, पण त्याची जागा बदलतो. शिलालेखांतील रूपे वर्षांसह आधी यावीत, आणि त्यानंतर ‘सोळा गावांवरून हे नाव पडले अशी समजूत प्रचलित आहे’ एवढेच वाक्य यावे, ज्या ग्रंथात ती समजूत नोंदली आहे त्याच्या पृष्ठ क्रमांकासह. ‘असे मानले जाते’ हे निराधार शब्द तिथे नकोत. कोण मानते आणि ते कुठे छापले आहे, हे त्या वाक्यात आले की उलटवाउलटवी बहुधा थांबते. न थांबल्यास शिलालेखांचे वाचन जिथे छापले आहे त्या पानाचा तपशील चर्चा पानावर द्यावा आणि पुढच्या संपादकाची वाट पाहावी.