रँक्ड एकट्याने खेळताना: व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ चा काही महिन्यांचा अनुभव

हे दोन्ही पाच विरुद्ध पाच जणांचे ऑनलाइन नेमबाजीचे गेम, आणि रँक्ड म्हणजे ज्यांच्या निकालावर तुमची रँक वर-खाली होते अशा मॅच. आधी निकाल सांगून टाकतो. व्हॅलोरंटमध्ये मला अटीतटीच्या मॅच जास्त मिळाल्या. काउंटर-स्ट्राइक २ च्या प्रीमियर या रँक्ड मोडमध्ये पॉइंटचा हिशेब जास्त उघड आहे. काही महिने दोन्ही गेम नेटाने खेळल्यावर मला या दोन्हींत उघड हिशेब जास्त मोलाचा वाटतो. का, ते सविस्तर लिहितो.

मी साताऱ्यातून खेळतो. घरी फायबर आहे आणि दोन्ही गेमचे सर्व्हर मुंबईत असल्यामुळे पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) वीस-पंचवीस मिलिसेकंदांच्या आसपास राहतो. पाच जणांची ठरलेली टीम नाही. कॉलेजचे मित्र पुण्यात, बंगळुरूत नोकरीला आहेत आणि प्रत्येकाच्या शिफ्ट वेगळ्या, त्यामुळे बहुतेक वेळा सोलो क्यू, म्हणजे एकट्यानेच रांगेत. व्हॅलोरंटमध्ये गोल्ड-प्लॅटिनममध्ये असतो, प्रीमियरमध्ये निळ्या रंगात, म्हणजे १० ते १५ हजार रेटिंगमध्ये. तेव्हा हा अनुभव मधल्या थरातला आहे. गर्दी याच थरात असते आणि 'मॅचमेकिंग (कोणासोबत, कोणासमोर खेळायचं हे ठरवणारी यंत्रणा) अन्याय करतं' ही तक्रारही सगळ्यात जास्त इथेच ऐकू येते.

ही तक्रार करताना दोन गोष्टींची सरमिसळ होते. समोर आलेली मॅच तुल्यबळ होती का, हा एक प्रश्न. त्या मॅचनंतर माझ्या रँकमध्ये झालेला बदल योग्य होता का, हा दुसरा. व्हॅलोरंट पहिल्या प्रश्नाला चांगलं उत्तर देतो. १३-११, १३-१० (आधी १३ फेऱ्या घेणारी टीम जिंकते), कधी ओव्हरटाइम, अशा मॅच मला सतत मिळत राहिल्या. एकतर्फीही झाल्या, पण पाच अनोळखी माणसं माईकवर एकमेकांना पहिल्यांदा भेटत असताना ते होणारच.

दुसऱ्या प्रश्नावर मात्र व्हॅलोरंट तोंड मिटून बसतो. जून २०२० मध्ये आलेल्या या गेममध्ये आज आयर्नपासून रेडियंटपर्यंत नऊ रँक आहेत. रेडियंट सोडून प्रत्येकाचे तीन टप्पे, म्हणजे एकूण २५ पायऱ्या. ॲसेंडंटपर्यंत प्रत्येक पायरी चढायला १०० आरआर (रँक रेटिंगचे पॉइंट) लागतात. (ॲसेंडंट ही रँक २०२२ मध्ये मध्ये घातली. खालच्या रँकमध्ये झालेली दाटी मोकळी करायला ती गरजेची होती आणि तो बदल चांगला झाला.) पण मॅच लागते ती या दिसणाऱ्या रँकवरून लागत नाही. त्यासाठी एमएमआर नावाची दुसरी संख्या आहे आणि ती खेळाडूला कधीच दाखवली जात नाही. एमएमआर रँकच्या वर असेल तर जिंकल्यावर समजा २४ आरआर मिळतात आणि हरल्यावर १५ जातात. एमएमआर खाली असेल तर नेमकं उलट. दिसणारी रँक त्या न दिसणाऱ्या संख्येकडे अशी हळूहळू खेचली जाते. व्हॅलोरंट बनवणाऱ्या रायटने हे स्वतः जाहीरपणे समजावून सांगितलं आहे, त्यामुळे यात गुपित काही नाही. गुपित आहे ती फक्त तुमची स्वतःची संख्या. मग प्रत्येक जण मॅचनंतरच्या अधिक-उणे आकड्यांवरून ती ताडत बसतो. 'मला १६ मिळाले, तुला किती?' हे लॉबीत रोज ऐकू येतं.

या सगळ्याच्या मुळाशी असलेली कल्पना बुद्धिबळातून आली आहे. अमेरिकेत भौतिकशास्त्र शिकवणारे हंगेरियन वंशाचे प्राध्यापक अर्पाद एलो यांची पद्धत तिथल्या बुद्धिबळ संघटनेने १९६० मध्ये आणि फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेने १९७० मध्ये स्वीकारली. रेटिंगमधल्या फरकावरून निकालाचं भाकीत करता येतं, हे तिचं सार. दोघांत २०० गुणांचा फरक असेल तर वरच्या खेळाडूकडून सरासरी शंभरात ७६ गुणांची अपेक्षा असते. फरक ४०० चा असेल तर जवळपास ९१. भाकिताप्रमाणे घडलं तर रेटिंग थोडं हलतं, भाकीत चुकलं तर जास्त हलतं. स्पर्धेला जाणारी शाळकरी मुलंही डाव सुरू होण्याआधी हे गणित मांडतात: हरलो तर एवढे जातील, बरोबरी झाली तर एवढे मिळतील.

टीमच्या खेळाला हे जसंच्या तसं लागू होत नाही म्हणून मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी ट्रूस्किल नावाचं रेटिंग बनवलं. २००५ मध्ये ते एक्सबॉक्स लाइव्ह या ऑनलाइन सेवेवर आलं आणि २००७ च्या हेलो ३ या गेममधले १ ते ५० हे आकडे त्यावरच चालायचे. त्यात खेळाडूच्या कौशल्याच्या अंदाजासोबत त्या अंदाजाची खात्री किती, हेही धरलेलं असतं. नव्या आयडीचे पॉइंट सुरुवातीला भराभर वर-खाली होतात आणि नंतर स्थिरावतात, त्यामागे हाच विचार आहे.

सांगायचा मुद्दा असा की अशा पद्धतीने मॅच लावणाऱ्या यंत्रणेकडे मॅच सुरू होण्याआधीच एक भाकीत तयार असतं. कोण जिंकण्याची शक्यता किती, हे तिला ठाऊक असतं, आणि त्यावरच तुमचे पॉइंट ठरतात. मग ते खेळणाऱ्याला का सांगू नये?

काउंटर-स्ट्राइक २ इथे मला जास्त प्रामाणिक वाटतो. २७ सप्टेंबर २०२३ ला तो आला आणि जुन्या गेममधल्या सिल्व्हर ते ग्लोबल एलिट अशा १८ गटांऐवजी प्रीमियरमध्ये सरळ आकडा आला. दहा मॅच जिंकल्या की रेटिंग मिळतं, दर पाच हजारांवर त्याचा रंग बदलतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मॅच सुरू होतानाच जिंकलात तर किती मिळतील आणि हरलात तर किती जातील, हे दोन्ही आकडे समोर येतात. ते मनाला पटोत न पटोत, खेळायच्या आधी कळतात.

आमच्याकडे जत्रेतल्या मैदानात कुस्ती लावतात तेव्हा पंच सगळ्यांसमोर जोड बघतात. वय, अंगपिंड, मागच्या कुस्त्या बघून जोड लागते, इनाम पुकारलं जातं, आणि जोड विषम वाटली तर लोक तिथल्या तिथे ओरडतात. पुढे कुस्ती एका मिनिटात चितपट झाली तरी पंचांनी फसवलं असं कोणी म्हणत नाही, कारण जोड उघड्यावर लागलेली असते. ऑनलाइन गेममध्ये मला एवढंच हवं आहे.

यावरचा आक्षेप मला माहीत आहे. शक्यता आधी दाखवली तर लोक सुरुवातीलाच हात टेकतील, किंवा मॅच सोडून पळतील. तसं वागणारे मला प्रीमियरमध्ये भेटले आहेत. जिंकल्यावर कमी आणि हरल्यावर जास्त, असे आकडे दिसले की काही जणांचा चेहराच पडतो, तो आवाजातून कळतो. पण उलटंही होतं. समोरची टीम वरचढ आहे आणि जिंकलो तर भरपूर मिळणार, हे कळल्यावर चार अनोळखी पोरं अचानक नीट कॉल द्यायला लागतात, एकमेकांना बंदूक घेऊन द्यायला लागतात. आणि मॅचआधी नको असेल तर निदान नंतर तरी सांगा. ओव्हरवॉच २ या दुसऱ्या गेमने हे करून दाखवलं आहे. २०२२ मध्ये तो आला तेव्हा रँकचा निकाल ठरावीक मॅचच्या गठ्ठ्यानंतर लागायचा आणि लोक वैतागले होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते बदललं. आता प्रत्येक मॅचनंतर प्रगती दिसते आणि पॉइंट कमी-जास्त का झाले याचं कारणही: तुमची टीम वरचढ असून हरली, किंवा दुबळी असून जिंकली. खेळाडूला एवढी समज आहे हे गृहीत धरलं, याचं मला कौतुक वाटतं.

आता वैयक्तिक कामगिरीबद्दल. व्हॅलोरंट खालच्या रँकना तुमच्या स्वतःच्या खेळालाही थोडं वजन देतो. सोलो खेळणाऱ्याला याचा आधार वाटतो, कारण टीम हरली तरी चांगलं खेळल्याची काहीतरी दखल घेतली जाते. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये मांडलेल्या ट्रूस्किल २ मध्येही हाच विचार होता. किल किती, खेळाडू ग्रुपसोबत आला आहे का, मॅच अर्धवट सोडण्याची सवय आहे का, हे सगळं त्यात धरलं आणि हेलो ५ च्या मॅचच्या निकालाचं भाकीत ५२ टक्क्यांवरून ६८ टक्क्यांवर गेलं. फरक मोठा आहे. तरी मला यात एक खटकतं. मी बऱ्याचदा कंट्रोलर, म्हणजे धूर टाकून वाटा अडवणारं पात्र, घेतो. योग्य वेळी स्मोक टाकणं, स्पाइक (बॉम्ब) प्लांट करताना साथीदाराला झाकणं, मागे राहून बाजू धरणं, यातलं स्कोअरबोर्डवर फार थोडं उमटतं. किल मोजायला सोपे म्हणून त्यांचं वजन वाढत गेलं तर सगळ्यांना पुढे घुसून मारणारा ड्युएलिस्टच व्हावंसं वाटेल. रँक ठरताना जिंकणं-हरणं हाच मुख्य आधार राहावा, या मताचा मी आहे.

गणित कितीही चांगलं असलं तरी आपल्याकडे मॅचचा दर्जा घड्याळावर फार अवलंबून आहे. रात्री नऊ ते बारा मुंबई सर्व्हरवर भरपूर गर्दी असते, मॅच पटकन लागते आणि दहाही जण जवळपासच्या रँकचे असतात. पहाटे तीनला तोच गेम उघडा: रांगेत जास्त वेळ जातो आणि लॉबीत रँकची तफावत दिसायला लागते. यात लबाडी नाही. माणसंच कमी असतील तर यंत्रणेला तिघांपैकी एक सोडावं लागतं: जवळचं कौशल्य, कमी पिंग किंवा कमी वाट. सिंगापूरच्या सर्व्हरवर जास्त खेळाडू मिळतील, पण इथून तिथला पिंग घेऊन कोपऱ्यावरची समोरासमोरची लढत म्हणजे हातातला घास घालवणं. म्हणून कोणी मॅचमेकिंगची तक्रार केली की मी आधी विचारतो, किती वाजता खेळला होतास?

कौशल्य बघून मॅच लावूच नका, असं म्हणणारा मोठा वर्ग आहे, विशेषतः कॉल ऑफ ड्यूटी खेळणाऱ्यांमध्ये. ॲक्टिव्हिजनने २०२४ मध्ये याविषयीचा प्रयोग जाहीर केला. उत्तर अमेरिकेतल्या निम्म्या खेळाडूंच्या मॅच लावताना कौशल्याचं वजन कमी केलं. एकतर्फी मॅच वाढल्या, मॅच मध्येच सोडणारे वाढले, आणि वरचे दहा टक्के सोडून बाकीच्यांचं गेमकडे परत येणं घटलं. कंपनीने स्वतःच केलेला अभ्यास आहे आणि लोक परत येणं हा तिच्या फायद्याचा मुद्दा आहे, हे लक्षात ठेवूनच तो वाचावा. पण मधल्या थरातला खेळाडू म्हणून मला तो पटतो. रोज वरच्यांच्या हातून मार खायला कोण बसेल?

सोलो खेळणाऱ्याचा खरा जाच म्हणजे समोर जमलेली टीम. व्हॅलोरंटने रँक्डमध्ये चार जणांच्या ग्रुपला बंदी घातली आहे, म्हणजे पाचवा एकटा त्यांच्या तावडीत सापडत नाही. छोटासा नियम, पण सोलोवाल्याच्या बाजूने विचार करून केलेला. विजेचं मात्र कोणत्याच नियमाला काही करता येत नाही. पहिल्या फेरीतच कोणी गायब असेल तर मतदान करून मॅच रद्द करता येते, पण सहाव्या-सातव्या फेरीत कोणाच्या तरी गावात लाइट गेली की चौघांनी पाच जणांशी लढायचं. पावसाळ्यात हे फार झालं.

स्मर्फ दोन्हीकडे आहेत. वरच्या रँकचा माणूस नवा आयडी काढून खाली येतो, २८ किल घेतो आणि बाकी नऊ जणांची संध्याकाळ वाया घालवतो. याला कोणी मजा म्हणत असेल तर मला ते अजिबात मान्य नाही. समोर बसलेला माणूस दिवसभराचं काम उरकून खेळायला आलेला असतो. व्हॅलोरंट फुकट आहे, त्यामुळे नवा आयडी काढणं सोपं. त्यावर उपाय म्हणून रँक्डसाठी आधी लेव्हल २० गाठावी लागते, आणि संशयित स्मर्फचा एमएमआर झपाट्याने वर नेला जातो. प्रीमियरला प्राइम हा विकतचा दर्जा लागतो, म्हणजे नव्या आयडीला पैसे मोजावे लागतात. हा अडसर मला जास्त परिणामकारक वाटला.

मोबाइलवर बीजीएमआय खेळणारे विचारतात म्हणून थोडक्यात: तिथली टिअर, म्हणजे रँक, हे मला वेगळं प्रकरण वाटतं. जास्त वेळ देऊन, जपून खेळून बरंच वर जाता येतं. काँकरर ही पहिल्या ५०० जणांची जागा सोडली, तर टिअरवरून नेमबाजी ओळखायला जाऊ नये.

एकट्याने खेळणार असाल, गेमवर पैसे घालायचे नसतील आणि चुरशीची मॅच हवी असेल, तर व्हॅलोरंट घ्या. दर मॅचनंतर आरआर बघण्यापेक्षा पंधरा-वीस मॅचचा कल बघा, त्यातून एमएमआरचा अंदाज येतो. आपण कुठे उभे आहोत हे आकड्यात कळायला हवं असेल तर प्रीमियर. त्यातही आणखी काटेकोर स्पर्धा हवी असेल तर फेसइट हा मॅच लावणारा बाहेरचा प्लॅटफॉर्म आहे, तिथे एलो उघड दिसतो आणि २००१ ला लेव्हल १० सुरू होते, पण मधल्या थरातून थेट तिथे उडी मारू नका. दोन्हीकडे रात्री नऊ ते बाराची वेळ साधा, ग्रुपशिवाय असाल तर माईक चालू ठेवा, आणि राउटरला छोटा यूपीएस लावून घ्या. पावसाळ्यात तो सगळ्यात जास्त रँक वाचवतो.