सात महिने 'मार्की मून'सोबत

जूनमध्ये हा अल्बम पहिल्यांदा ऐकला आणि सुचवणाऱ्या मित्राला लगेच कळवलं: "गळा किरकिरा, गिटार पातळ, एवढं कौतुक कशाचं?" आता जानेवारी संपत आलाय. ते मत मला मागे घ्यायचंय, आणि ते चुकलं कसं तेही सांगायचंय, कारण मुंबईत बरेच जण माझ्यासारखेच गाणी ऐकतात.

टेलिव्हिजन हा न्यूयॉर्कचा चौघांचा बँड. १९७७ सालचा हा त्यांचा पहिला अल्बम, आठ गाणी, साधारण ४६ मिनिटं. मी जड गिटारवर वाढलो. अँप्लिफायर फाटेल असं वाजलं तरच रॉक, ही माझी समजूत होती. इथे डिस्टॉर्शन फारसं नाहीच. तारा जवळजवळ कोऱ्या वाजतात, प्रत्येक सूर सुटा ऐकू येतो. त्यावर टॉम व्हर्लेनचा ताणलेला, मध्येच चिरकणारा आवाज. पहिल्या दिवशी मी घाटकोपरलाच बंद केलं.

पण मी ऐकत होतो कसं? मुलुंडहून सीएसएमटीची धीमी लोकल, दाराजवळ उभं राहायचं, एक इअरफोन कानात आणि दुसरा गळ्यात लोंबता, म्हणजे घोषणा कळतात. घरी स्वयंपाकघरात एकच छोटा स्पीकर. आणि या अल्बमचं मिक्सिंग असं की व्हर्लेनची गिटार एका बाजूला, रिचर्ड लॉइडची दुसऱ्या बाजूला. डब्यात शेजारचा फोनवर बोलत असतो तेव्हा आपल्याला त्याचंच बोलणं ऐकू येतं, पलीकडच्याचं नाही. दोन महिने मी हा अल्बम तसा ऐकला.

गणपतीच्या सुट्टीत एका रात्री दोन्ही कानांना हेडफोन लावून शीर्षकगीत ऐकलं. एक गिटार दोन तारांवर तुटक ठोके देते. दुसरी पलीकडून छोटीशी फिरत घेऊन उत्तर देते. मग फ्रेड स्मिथचा बास दोघींच्या मधल्या जागेत पाय ठेवतो. तोवर सम कुठे आहे याचा पत्ता लागत नाही. बिली फिक्काचे ड्रम आले की लक्षात येतं, आपण मनात मोजत होतो ते चुकीचं होतं. यातली कुठलीही एक गिटार वेगळी काढली तर हाती फार काही उरत नाही. लीड (मुख्य सुरावट) आणि रिदम (मागची साथ) अशी वाटणीच नाही, दोघी एकमेकींची वाक्यं पूर्ण करतात.

मधला छोटा सोलो लॉइडचा, नंतरचा लांबलचक व्हर्लेनचा. त्या लांब सोलोतले स्वर आपल्या शास्त्रीय संगीतातल्या खमाज थाटाच्या जवळचे आहेत, कोमल निषाद स्पष्ट कानावर येतो. बहुधा म्हणूनच मला तो सोलो रागाच्या बढतीसारखा वाटतो: थोडक्यात सुरुवात, एकेका सुराला वेळ, घाई कुठेच नाही. शेवटी सगळे मिळून पायरी पायरी वर चढतात, टोकाला पोचतात आणि सगळं विरघळून बारीक किणकिण उरते. मग तोच पहिला तुटक ठोका परत येतो. आता माझ्या गाडीत विक्रोळी सुटलं की हे गाणं सुरू होतं आणि कुर्ला गेल्यावर संपतं. हे एका टेकमध्ये रेकॉर्ड झालं आणि फिक्काला ती तालीमच वाटली होती, असं सांगतात. ऐकताना ते पटतं.

दादरच्या एका मित्राकडे जुनी एलपी आहे. तिच्यावर हे गाणं दहा मिनिटं पुरी व्हायच्या आत हळूहळू विरत जातं. नंतरच्या सीडीवर शेवट पूर्ण आहे, गाणं जवळपास पावणेअकरा मिनिटांचं. घ्यायचा असेल तर पूर्ण शेवट असलेला घ्या, ती चाळीस-पंचेचाळीस सेकंदं मोलाची आहेत.

बाकीच्यांत 'सी नो ईव्हल'चा तोच तो फिरणारा रिफ (गिटारची छोटी सुरावट) सकाळच्या गर्दीला पुरून उरतो. 'गायडिंग लाइट' मला उशिरा आवडलं. ते सगळ्यांत मवाळ आहे, आणि लॉइडच्या सोलोत कुठेही दाखवेगिरी नाही. 'टॉर्न कर्टन' मात्र सात महिन्यांनंतरही रेंगाळतं. तेवढं गाणं मी बहुतेक वेळा सोडतो. व्हर्लेनच्या गळ्याबद्दल सांगायचं तर, तो गोड वाटू लागलेला नाही. पण त्या गिटारींसोबत दुसरा कुठला आवाज आता मला चालणार नाही.

दिवाळीपासून मी आणि माझा भाचा रविवारी ती सुरुवात बसवतोय. तो ठोके देतो, मी उत्तर. एकटा सराव करताना माझा भाग अगदी पोकळ वाटतो. गेल्या रविवारी पहिल्यांदा सलग आठ आवर्तनं जमली. नवव्याला तो हसला आणि लय सुटली. आम्ही परत पहिल्यापासून धरलं.