जुनं अहमदाबाद कसं बघावं: नऊ महिने फिरल्यानंतर

सप्टेंबरात बदली होऊन अहमदाबादला आले आणि मे संपताना पुण्याला परतले. राहायला साबरमतीच्या पश्चिमेला, नव्या भागात होते. पण सुट्टीचा जवळजवळ प्रत्येक दिवस नदीपलीकडच्या कोटात, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या शहरात गेला. १४११ साली अहमदशहाने वसवलेलं हे शहर २०१७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. भारतातलं त्या यादीतलं हे पहिलं शहर. तेव्हापासून ‘दोन दिवसांत काय बघू?’ असं विचारणारे वाढलेत. मी या गावात गाडीने, पायी, मेट्रोने, रिक्षाने आणि सायकलनेही फिरले, त्यावरून लिहिते.

सुरुवात चुकीची झाली. पहिल्याच रविवारी एका दिवसाची टॅक्सी-सहल घेतली. गांधीजींचा आश्रम, हाथीसिंगचं देरासर म्हणजे जैन मंदिर, सिदी सैयदच्या मशिदीची दगडी जाळी, कांकरिया तलाव, शेवटी अडालजची वाव, म्हणजे पायऱ्यांची विहीर. यादी उत्तम होती. जाळीपाशी मात्र गाडी जेमतेम सात-आठ मिनिटं थांबली आणि कोटाच्या आत तर चाक शिरलंच नाही, कारण पोळांच्या, म्हणजे तिथल्या जुन्या वस्त्यांच्या, गल्ल्यांमध्ये गाडी मावतच नाही. संध्याकाळी मोबाईलमध्ये दीडशे फोटो होते आणि शहराचा वास काही नाकात शिरला नव्हता. वयस्कर माणसं बरोबर असतील, ऊन असेल, अडालज आणि सरखेजचा दर्गा एकाच दिवशी उरकायचं असेल, तर गाडी ठीक आहे. जुन्या शहरासाठी तिचा काही उपयोग नाही.

खरी ओळख झाली ती महापालिकेच्या सकाळच्या पायी फेरीत. १९९७ पासून ही फेरी चालू आहे. सकाळी आठला काळुपूरच्या स्वामिनारायण मंदिरातून निघायचं आणि अडीच-एक तासांनी जामा मशिदीत पोचायचं. पोळ म्हणजे काय, हे मला तिथे कळलं. बाहेरून एकच दरवाजा, आत वळत जाणारी गल्ली, दोन्ही बाजूंना लाकडी कोरीव घरं, मध्ये पक्ष्यांना दाणे घालायचा उंच चबूतरो आणि प्रत्येक घरापुढे ओटलो, म्हणजे आपला ओटा. आपल्या पेठांतल्या वाड्यांची आठवण येते, पण इथे अख्खी गल्लीच एका वाड्यासारखी राहते.

एका घराच्या चौकात फरशीवर थाळीएवढं झाकण होतं. घरातल्या आजींनी ते उचललं आणि खाली बॅटरी मारली. खोल अंधारात पाणी चमकलं. हे टांकं. गच्चीवरचं पावसाचं पाणी नळीतून खाली आणून इथे साठवायचं, ते वर्षभर पुरायचं. पहिल्या सरींचं पाणी गच्ची धुऊन जाऊ द्यायचं आणि मगच नळी टांक्याकडे वळवायची, असं आजी सांगत होत्या. मी वाकून बघत होते आणि खालून गार हवेचा झोत तोंडावर येत होता. हे एकटीने फिरून मला कधीच दिसलं नसतं. कोणाच्या घरात असं कोण शिरू देणार?

फेरीची उणीव एकच. गट मोठा असला तर मागच्यांना काही ऐकू येत नाही आणि पाय रेंगाळू लागले की पुढे चला म्हणतात. म्हणून पुढच्याच आठवड्यात त्याच वाटेने एकटी गेले. फोनमधला नकाशा पोळेत अगदीच लटका पडतो. घरं उंच, गल्ल्या अरुंद, त्यामुळे आपला निळा ठिपका भिंती ओलांडून उड्या मारतो. दोनदा मी थेट कोणाच्या तरी परसात जाऊन उभी राहिले. दुसऱ्या वेळी ओटल्यावर भाजी निवडणाऱ्या बाईंनी विचारलं, “क्यां जवुं छे, बेन?” हाजा पटेलनी पोळ म्हटल्यावर त्यांनी शेजारच्या मुलाला बरोबर धाडलं. त्या दिवसापासून मी नकाशा बंद करून पोळेचं नाव विचारत जाऊ लागले. मोडकीतोडकी गुजराती पुरते, हिंदी तर सगळ्यांनाच येते.

आणि वेळ बदलून जा, हे मी हात जोडून सांगते. माणेकचौक दुपारी बघितला तर तो सोन्याचांदीच्या पेढ्यांचा बाजार. रात्री साडेनऊनंतर त्याच पेढ्यांच्या बंद शटरांपुढे टेबलं लागतात, तवे तापतात, भाजीपाव, घुघरा सँडविच, कुल्फी. एकाच दिवशी दोन्ही वेळा जा. एकदाच गेलात तर अर्धा चौक राहून जातो.

डिसेंबरात आईबाबा आले. बाबांचे गुडघे दुखतात, म्हणून त्यांच्यासाठी मेट्रो आणि रिक्षा अशी जोड केली. घीकांटा स्थानक कोटाच्या पोटातच आहे. तिथे उतरलं की तीन दरवाजा, ही तीन कमानींची जुनी वेस, रिक्षाने पाच मिनिटांवर. पेशवे आणि गायकवाड यांचा इथे १८१७ पर्यंत अंमल होता, हे बाबांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हता तो तीन दरवाजावरचा देवनागरी शिलालेख. १८१२ मध्ये चिमणाजी रघुनाथ या मराठा सुभेदाराने तिथे हुकूम कोरून घेतला, की वडिलांच्या मिळकतीत मुलीलाही विनाअडथळा वाटा मिळावा. हिंदूने मोडला तर महादेवाला जाब द्यावा, मुसलमानाने मोडला तर अल्लाला. बाजाराच्या त्या गर्दीत, ढकलाढकलीत, आई कितीतरी वेळ मान वर करून उभी होती. तिला आजोबांच्या शेतात वाटा मिळाला नाही. ती काही बोलली नाही, मीही नाही. त्याच दरवाजात एका कोनाड्यात लक्ष्मीसाठी दिवा तेवत असतो आणि त्याची काळजी पिढ्यान्‌पिढ्या एक मुसलमान कुटुंब घेतं. तोही तिला दाखवला.

सायकल नदीकाठच्या रस्त्यावर छान, रविवारी एलिसब्रिजखालच्या गुजरी बाजारापर्यंत जायला तर फारच छान. कोटात मात्र हातात धरून चालवावी लागते. महापालिकेच्या लाल बसने लाल दरवाजापर्यंत स्वस्तात जाता येतं, पण पाटी गुजरातीत, तेवढी अक्षरं शिकून घ्या.

रिक्षा खरी कामाला आली ती असारव्याला. तिथे दादा हरीरची वाव आहे, १४९९ ची, सुलतानाच्या जनानखान्यातल्या बाई हरीरने बांधलेली. सकाळी दहा-अकराच्या सुमारास जा. तेव्हा ऊन एकेक मजला उतरत खालपर्यंत जातं आणि खांबांवरचं कोरीवकाम उजळतं. मी पायऱ्यांवर बसून ते उतरताना बघितलं. दीड तास. तिकीट नाही, गर्दी नाही. अडालजच्या वावेत माणसांचे खांदे बघावे लागतात, इथे दगड बघता येतो.

सिदी सैयदच्या जाळीकडे मी नंतर किमान सहा वेळा गेले. मशिदीच्या मागच्या बाजूने, रस्त्याकडून, संध्याकाळी. १५७३ ची मशीद, एका हबशी सरदाराची. अर्धगोल खिडकीत दगडाचं एक झाड, फांद्या एकमेकींत गुंतलेल्या, मध्ये ताड. जरा वेळ बघत राहिलं की दगड विसरायला होतं आणि मागच्या उजेडाचीच नक्षी दिसू लागते. पहिल्या रविवारी या समोर मी सात मिनिटं उभी होते, याचं मला अजून वाईट वाटतं.

उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचा पतंगांचा सण, जमलं तर साधाच. १४ जानेवारीला ओळखीच्यांच्या गच्चीवर, पोळेत, दिवसभर होते. खालून ज्या गल्ल्यांत मी वाट चुकत होते, त्यांची छपरं वरून एकमेकांना टेकलेली दिसली. मग कुठे मला शहराची ठेवण कळली. गच्ची भाड्यानेही मिळते, पण महिनाभर आधी ठरवा.

दोनच दिवस असतील, तर पहिल्या सकाळी पायी फेरी, दुपारी झोप, रात्री माणेकचौक. दुसऱ्या दिवशी सकाळीच मेट्रोने घीकांट्याला उतरा, त्याच पोळांमधून एकटे फिरा, साडेनऊला रिक्षा करून असारवा गाठा, संध्याकाळी जाळी. ऑक्टोबर ते फेब्रुवारीतच या. मे महिन्यात अकरानंतर रस्त्यावर उभं राहवत नाही. चपला सहज काढता येतील अशा घाला. मंदिर, देरासरं, मशीद मिळून पहिल्या सकाळीच पाच-सहा वेळा काढाव्या लागतात.