अमेरिकेतल्या नॉन-प्रॉफिट हॉस्पिटलचं प्राइस टूल: ५ पैकी २ स्टार, पण मदतीचा फॉर्म नक्की भरा

नवऱ्याच्या गुडघ्याचा एमआरआय करायचा होता म्हणून जवळच्या एका नॉन-प्रॉफिट हॉस्पिटलचं ऑनलाइन प्राइस टूल वापरलं. १ जानेवारी २०२१ पासून इथे हॉस्पिटलांना रेट जाहीर करावेच लागतात, म्हणजे आधी ठरवून करता येतात अशा ३०० सर्व्हिसेसचे रेट सामान्य माणसाला कळतील असे, आणि बाकी सगळं एका भल्यामोठ्या फाइलमध्ये. त्या फाइलच्या नादी लागू नका, ती कॉम्प्युटरला वाचायला केलीये. टूलमध्ये मात्र इन्शुरन्स टाकला की आकडा येतो, कॅशचा, म्हणजे इन्शुरन्स न वापरता भरायचा रेट वेगळा दिसतो, आणि आमच्या बाबतीत कॅशचाच कमी निघाला!! हे आधी कळलं ते फार बरं झालं. पण रेडिओलॉजिस्टचं, म्हणजे एमआरआय बघून रिपोर्ट देणाऱ्या डॉक्टरचं बिल नंतर वेगळं आलं, त्याचा टूलमध्ये पत्ताच नव्हता, म्हणून स्टार कापले.

आता खरं कामाचं. २०१० च्या कायद्यानुसार टॅक्स माफी हवी असेल तर अशा हॉस्पिटलला लेखी फायनान्शियल असिस्टन्स पॉलिसी (ज्याला बिल परवडत नाही त्याला सूट किंवा माफी द्यायचे नियम) ठेवावीच लागते, त्यात बसणाऱ्या पेशंटला इन्शुरन्सवाल्यांना साधारण जेवढं लावतात त्यापेक्षा जास्त लावता येत नाही, आणि पहिल्या बिलापासून २४० दिवसांपर्यंत या मदतीसाठी अर्ज करता येतो. बिलिंगवाल्या बाईंनी विचारल्यावर सगळं नीट समजावलं, पण आपणहून कोणी चकार शब्द काढला नाही, आणि ज्याला इंग्रजी धड येत नाही त्याने काय करायचं?

माझा राग सरकारवर जास्त आहे. पॉलिसी ठेवा म्हणतात पण उत्पन्नाची मर्यादा हॉस्पिटलनेच ठरवायची, आणि टॅक्स माफीच्या बदल्यात गरिबांवर किती खर्च करायचा याचा किमान आकडा केंद्राच्या नियमात नाहीच, १९६९ पासून नुसतं ‘कम्युनिटी बेनिफिट’, म्हणजे समाजाला काहीतरी फायदा होतो एवढं दाखवलं की झालं. रेट लपवले तर मोठ्या हॉस्पिटलला (२०२२ च्या आकड्याने) दिवसाला जास्तीत जास्त ५,५०० डॉलर दंड, एवढ्याने त्यांचं काय बिघडणार? मेरीलँडमध्ये सरकारी आयोगच हॉस्पिटलचे रेट ठरवतो, कुठलाही इन्शुरन्स असो रेट तोच, मग बाकीच्या राज्यांना का जमू नये.

फॉर्मसोबत आमच्याकडून पे स्टब (पगाराच्या पावत्या) आणि टॅक्स रिटर्न मागितले होते. बिल कलेक्शनला (वसुलीवाल्यांकडे) जायच्या आत अर्ज टाका आणि पोच घ्यायला विसरू नका.