ओकॅमल ४.१४ वर थांबायचं की ५ वर जायचं?

१६ डिसेंबर २०२२ ला ओकॅमल या प्रोग्रॅमिंग भाषेची ५.० आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि भाषेच्या दोन शाखा शेजारीशेजारी चालू लागल्या. मार्च २०२२ ची ४.१४ ही जुन्या रनटाइमवरची (प्रोग्रॅम चालताना त्याच्यामागे काम करणाऱ्या यंत्रणेवरची) शेवटची शाखा. तिच्यात आता दुरुस्त्या येतात, नव्या सोयी येत नाहीत. दुसरीकडे ५.१ (सप्टेंबर २०२३), ५.२ (मे २०२४), ५.३ (जानेवारी २०२५) आणि ५.४ (ऑक्टोबर २०२५) अशा आवृत्त्या निघाल्या. उबुंटू २४.०४ च्या भांडारात अजून ४.१४ आहे, तर डेबियन १३ मध्ये ५.३. म्हणजे काही न ठरवणारा माणूससुद्धा कुठल्यातरी बाजूला आपोआप पडतोच.

मत आधीच सांगतो. ५.० ते ५.२ च्या काळात जे थांबले, त्यांनी योग्य केलं. ५.३ पासून मात्र थांबायला ठोस कारण हवं. आणि ५ वर जाणं व कोड समांतर करणं (एकाच वेळी अनेक कोअरवर चालवणं) ही दोन वेगळी कामं आहेत. ती एकाच वेळी हाती घेतली की बिघाड कुठून आला हे सापडत नाही.

थांबणाऱ्यांची कारणं किती उरली?

५ साठी रनटाइम आणि गार्बेज कलेक्टर (न लागणारी मेमरी मोकळी करणारा भाग) जवळपास नव्याने लिहिला गेला. केंब्रिजमध्ये सुरू झालेल्या या कामात आयआयटी मद्रासचे केसी शिवरामकृष्णन आघाडीवर होते. एवढी मोठी उलथापालथ करताना बरंच काही तात्पुरतं बाजूला ठेवावं लागलं. ५.० मध्ये नेटिव्ह कंपायलर (प्रोसेसरचा थेट कोड बनवणारा) फक्त ६४ बिटच्या इंटेल-एएमडी आणि आर्म प्रोसेसरवर चालत होता. रिस्क-फाइव्ह आणि आयबीएम झेड हे प्रोसेसर ५.१ मध्ये परतले, पॉवर ५.२ मध्ये. विंडोजवर मायक्रोसॉफ्टच्या सी कंपायलरचा आधार ५.३ मध्ये आला. मेमरी कुठे खर्च होते हे नमुने घेऊन दाखवणारी सोयही ५.३ पर्यंत नव्हती. ज्यांना प्रॉडक्शनमध्ये मेमरी गळती शोधावी लागते, त्यांच्यासाठी हे एकच कारण पुरेसं होतं.

परत न आलेली मोठी गोष्ट म्हणजे ३२ बिट नेटिव्ह कोड. तिथे ५ मध्ये फक्त बाइटकोड (रनटाइमने वाचून चालवायचा, हळू कोड) चालतो. जुन्या ३२ बिट आर्म बोर्डावर तुमचा प्रोग्रॅम चालत असेल, तर ४.१४ वरच राहा.

मेमरी: इथे सर्वांत जास्त लक्ष द्या

४.१४ मध्ये हीपमधली (प्रोग्रॅमचा डेटा राहतो त्या मेमरीतली) मोकळी जागा फार विखुरली, की कलेक्टर स्वतःहून कॉम्पॅक्शन करतो (डेटा एकत्र सरकवून मोकळी जागा जोडतो) आणि मेमरी ऑपरेटिंग सिस्टिमला परत देतो. ५.० आणि ५.१ मध्ये कॉम्पॅक्शन नव्हतंच. ५.२ पासून ते आहे, पण तुम्ही जीसी मॉड्यूलचं कॉम्पॅक्ट फंक्शन स्वतः बोलावलं तरच होतं. सकाळी मोठी फाइल वाचून नंतर दिवसभर निवांत बसणारी सेवा ४.१४ वर खाली येते आणि ५ वर फुगलेलीच राहते. उपाय सोपा आहे: जड काम संपल्यावर, रहदारी नसताना, कॉम्पॅक्ट एकदा बोलवा. दर विनंतीनंतर मात्र नको, कारण तेवढा वेळ सगळे डोमेन (५ मध्ये वेगवेगळ्या कोअरवर समांतर चालणारे भाग) थांबतात.

जुन्या सेटिंग्जही तपासा. अलोकेशन पॉलिसी आणि मॅक्स ओव्हरहेड हे दोन आकडे ५ मध्ये स्वीकारले जातात, पण त्यांचा काही परिणाम होत नाही. स्पेस ओव्हरहेड मात्र चालतो. मूळ किंमत १२०. मेमरी जास्त वाटली तर ८० करून बघा. मेमरी उतरेल, प्रोसेसरचा वेळ थोडा वाढेल.

टॉप या कमांडमध्ये व्हर्च्युअल मेमरीचा आकडा एकदम मोठा दिसला तर घाबरू नका. ५ चा रनटाइम १२८ डोमेनच्या मायनर हीपसाठी (नव्या डेटाच्या छोट्या जागेसाठी) पत्ते आधीच राखून ठेवतो. प्रत्येकी २ एमबी धरले तर २५६ एमबी. ही जागा वापरल्याशिवाय खरी मेमरी खात नाही. तुलना रेसिडेंट मेमरीच्या (प्रत्यक्ष वापरात असलेल्या मेमरीच्या) आकड्यानेच करा. व्हर्च्युअल मेमरीवर यूलिमिट या शेल कमांडने घट्ट मर्यादा घातलेली असेल, तर ती आधी सैल करा.

स्टॅक

४.१४ चा नेटिव्ह कोड सिस्टिमचा स्टॅक (फंक्शन एकमेकांना बोलावताना लागणारी मेमरी) वापरतो. लिनक्सवर तो सहसा ८ एमबी असतो. लांब लिस्टवर मॅप चालवून तो संपवल्याचा अनुभव पुष्कळांना असेल. ५ मध्ये ओकॅमलच्या स्टॅकची मूळ मर्यादा १ जीबी आहे आणि यूलिमिटचा त्याच्याशी संबंध नाही. शिवाय ५.१ पासून प्रमाण लायब्ररीतला लिस्ट मॅप स्टॅक खातच नाही. हा फायदा एका कोअरवर चालणाऱ्या साध्या प्रोग्रॅमलाही मिळतो.

उलट बाजूही आहे. चुकून अनंत रिकर्शन झालं, तर ४.१४ वर ८ एमबीला लगेच अपवाद (एक्सेप्शन) येतो. ५ वर ५१२ एमबीच्या कंटेनरमध्ये तो अपवाद येण्याआधीच कर्नल प्रक्रिया मारून टाकतो आणि लॉगमध्ये काहीच उरत नाही. लहान कंटेनर असेल तर ओकॅमलरनपॅरॅम या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये स्टॅकची मर्यादा कमी करून ठेवा.

सी चा कोड जोडलेला असेल तर

शुद्ध ओकॅमल कोड बहुधा किरकोळ बदलांत कंपाइल होतो. स्ट्रीम, जेनलेक्स आणि परव्हेसिव्हज ही मॉड्यूल्स प्रमाण लायब्ररीतून काढली आहेत. पहिल्या दोनसाठी कॅमएलपी-स्ट्रीम्स हे पॅकेज आहे, तिसऱ्याच्या जागी स्टडलिब लिहायचं. स्ट्रिंगचं साधं लोअरकेस गेलं, लोअरकेस_एस्की वापरा.

खरी अडचण सी च्या स्टब्जमध्ये (ओकॅमलला सी शी जोडणाऱ्या फंक्शनांमध्ये) असते. ४.१४ मध्ये सी चा उघडा पॉइंटर ओकॅमलच्या व्हॅल्यूच्या जागी ठेवला तरी निभत असे. ५ मध्ये कलेक्टर त्याला आपलाच ब्लॉक समजतो आणि प्रोग्रॅम कधीतरी, भलत्याच ठिकाणी कोसळतो. म्हणून ही तपासणी ५ वर जाण्याआधी, ४.१४ वरच करा. ओपॅम या पॅकेज मॅनेजरमध्ये नेकेड पॉइंटर (असे उघडे पॉइंटर) तपासणारा ४.१४ चा पर्याय मिळतो. त्याचा वेगळा स्विच (ओपॅममधला स्वतंत्र कंपायलर-संच) बनवा आणि सगळ्या चाचण्या त्यावर चालवा. असा पॉइंटर दिसला की रनटाइम इशारा छापतो. सापडलेला पॉइंटर कस्टम किंवा ॲबस्ट्रॅक्ट ब्लॉकमध्ये गुंडाळा. पत्ता सम असेल तर शेवटचा बिट १ करून तो पूर्णांकासारखा पाठवणंही चालतं. कॅमल हा पूर्वप्रत्यय नसलेली सी फंक्शनची जुनी नावंही गेली आहेत, पण ती चूक कंपाइल किंवा लिंक करतानाच पकडली जाते.

समांतर काम

४.१४ मध्ये सगळ्या थ्रेड्सना मिळून एकच कुलूप असल्यामुळे ओकॅमल कोड एका वेळी एकाच कोअरवर चालतो. अनेक कोअर हवे असतील तर वेगळ्या प्रक्रिया चालवायच्या. ५ मध्ये डोमेन आहेत. पण डोमेन म्हणजे हलका थ्रेड नव्हे. मायनर कलेक्शनला सगळे डोमेन एकत्र थांबतात, त्यामुळे कोअरपेक्षा जास्त डोमेन सुरू केले तर प्रोग्रॅम वेगवान होण्याऐवजी हळू होतो. डोमेन्सलिब या लायब्ररीच्या डोमेन-पूलला द्यायच्या आकड्यात मुख्य डोमेन धरलेला नसतो. म्हणून ८ कोअरसाठी ७ लिहा.

हॅशटेबल, क्यू आणि बफर दोन डोमेनमधून कुलुपाविना वापरले तर सेगफॉल्ट येत नाही, पण उत्तर चुकू शकतं. अशी शर्यत (डेटा रेस) पकडायला ५.२ पासून थ्रेडसॅनिटायझर या तपासणी-साधनाचा स्विच आहे. त्यावर प्रोग्रॅम कित्येक पट हळू चालतो, म्हणून तो चाचण्यांपुरताच ठेवा.

एलडब्ल्यूटी किंवा असिंक या जुन्या समवर्ती लायब्रऱ्यांवर लिहिलेला कोड ५ वर एका डोमेनमध्ये तसाच चालतो; तो घाईने बदलू नका. इफेक्ट्सवर (काम मधेच थांबवून हँडलरकडे सोपवण्याच्या सोयीवर) उभी असलेली ईआयओ लायब्ररी फक्त ५ वर मिळते आणि नव्या सर्व्हरसाठी तीच घ्यावी. स्वतः इफेक्ट हँडलर लिहिणार असाल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा: टाइप-तपासणी न हाताळलेला इफेक्ट पकडत नाही, तो चालतानाच फुटतो; आणि कंटिन्युएशन (थांबवलेलं उरलेलं काम) एकदाच पुढे नेता येतं. ५.३ मध्ये इफेक्टसाठी वेगळी वाक्यरचना आल्यापासून हा कोड वाचायला बराच सुसह्य झाला आहे.

कोणी काय करावं

नवा प्रकल्प असेल तर थेट ५.४ घ्या. जुना, सी नसलेला प्रकल्प असेल तर ५.३ किंवा ५.४ चा स्थानिक स्विच बनवा, कोड न बदलता चाचण्या चालवा, आठवडाभर खऱ्या भाराखाली रेसिडेंट मेमरी मोजा आणि मगच ४.१४ सोडा. डोमेनचा विचार त्यानंतर. ३२ बिट लक्ष्य असेल, किंवा सी चे स्टब्ज असतील आणि ते समजणारा माणूस आज संघात नसेल, तर ४.१४ वर राहा. मात्र नेकेड पॉइंटरची तपासणी आत्ताच रोजच्या चाचण्यांत घाला, म्हणजे नवा कोड तरी ५ साठी तयार राहील.