लिनिएज ओएस: नऊ महिन्यांनंतर

मागच्या पावसाळ्यात माझ्या फोनला कंपनीकडून अपडेट येणं बंद झालं. फोन ठणठणीत, बॅटरी नुकतीच बदललेली, टाकून देववेना. म्हणून कंपनीच्या सिस्टीमच्या जागी लिनिएज ओएस चढवलं, म्हणजे अँड्रॉइडचंच एक मुक्त रूप. २०१६ च्या अखेरीस सायनोजेनमॉड नावाचं असंच आधीचं रूप बंद पडलं तेव्हा त्याच्याच कोडवर हे उभं राहिलं. एका रविवारचं काम. त्यासाठी बूटलोडर, म्हणजे फोन सुरू होताना सिस्टीम चालू करणारा कुलूपबंद भाग, उघडावा लागतो. तो उघडला की फोनमधलं झाडून सगळं पुसलं जातं, तेवढं आधी ध्यानात घ्या. बाकी कृती लिनिएजच्या विकीवर प्रत्येक मॉडेलची वेगळी दिली आहे.

पण मी या फोनला चिकटून राहिलो ते कीबोर्डमुळे. आधीच्या कीबोर्डवर ऱ साठी र दाबून धरावा लागे, आणि घाईत ते राहून जाई. ऑफिसच्या ग्रुपवर एकदा 'शनिवारी दऱ्या बघायला जाऊ' लिहायचं होतं, गेलं 'दर्या बघायला जाऊ'. दोघांनी लगेच मांडव्याच्या बोटीची वेळ विचारली!

दुसरं दुखणं छुपं होतं. काही कीबोर्ड ऱ न वापरता र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह टाकून तोच आकार काढतात. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, शोधताना मात्र जुळत नाहीत. माझ्या टिपणांत 'दुसऱ्या' शोधलं की निम्मीच टिपणं सापडायची, आणि मी ॲपला शिव्या घालायचो.

एफ-ड्रॉइड या मुक्त ॲपांच्या दुकानातून हेलिबोर्ड नावाचा कीबोर्ड घेतला. त्यात कळांची मांडणी आपल्याला लिहिता येते, तीही साध्या मजकुरात: एका ओळीत एक कळ, मध्ये रिकामी ओळ सोडली की पुढची रांग. ऱ ला स्वतःची कळ दिली, र च्या शेजारी. दहा मिनिटं लागली. नोकरीत ज्या कोडवर माझं पोट चालतं, तिथे एका बटणाची जागा हलवायला चार फाइली आणि एक मीटिंग लागते, म्हणून याचं जरा जास्तच कौतुक वाटत असेल. शिवाय हा कीबोर्ड इंटरनेटची परवानगीच मागत नाही. बोट फिरवून टाइप करायची सोय सोबत येत नाही, त्यासाठी एक बंदिस्त लायब्ररी, म्हणजे जिचा कोड खुला नाही असा जोडभाग, वेगळी घालावी लागते. मला तिची सवय नाही, म्हणून अडलं नाही.

आता रडगाणं. रात्रीचे फोटो आधीपेक्षा मचूळ येतात, कंपनीचा कॅमेरा ॲप गेला त्याचा हा परिणाम. फोन चालू करताना दर वेळी बूटलोडर उघडा असल्याचा इशारा झळकतो. आईने तो पाहिला आणि म्हणाली, "बिघडवलास ना हाही?"

सगळ्यात जाच बँकेच्या ॲपचा. ते उघडतं, फोन सुरक्षित नाही म्हणतं आणि मिटतं. त्यावरचे तोडगे आहेत, मी दोन करून पाहिले. एक तीन आठवडे चालला, दुसरा चाललाच नाही. बँकेसाठी आता जुना दुसरा फोन घरी कपाटात असतो, आणि भाजीला जाताना मी पुन्हा खिशात सुटे पैसे ठेवतो.