बंद पंपाची जागा घेताय? कागद, जेसीबी की बोअर

जुन्या पेट्रोल पंपाची जागा म्हणजे रोडटच, बहुतेकदा एनए (बिगरशेती) झालेली. बीड, परभणी, लातूरकडे अशी जागा निघाली की इसार द्यायची घाई होते. पण टाकी गळलेली असेल तर ते जमिनीवर दिसत नाही. ते तपासायचे तीन मार्ग लोक धरतात, आणि तिन्हींची किंमत सारखी नाही.

कागद सगळ्यात स्वस्त. सातबारा आणि फेरफार मालक सांगतात, टाकी नाही. मागायचा तो पेसोचा, म्हणजे पेट्रोल साठवायला परवाना देणाऱ्या केंद्राच्या संस्थेचा परवाना आणि त्यासोबतचा मंजूर नकाशा. टाक्या किती, कुठे, पाइप कुठून गेले हे त्यावर असतं. रोजच्या डिपचं (टाकीत काठी घालून तेल मोजल्याचं) स्टॉक रजिस्टर मिळालं तर सोनंच. पण बारीक गळती बाष्पीभवनाच्या घटीत मिसळून जाते, म्हणून रजिस्टर स्वच्छ दिसलं तरी जमीन स्वच्छ आहे असं होत नाही. पंप २००० सालाच्या आधीचा असेल तर शिशाची तपासणीही यादीत घाला. देशभर शिसेयुक्त पेट्रोल त्याच वर्षी बंद झालं.

दुसरा मार्ग जेसीबीचा: खड्डा घ्यायचा, माती नाकाला लावायची. हा मार्ग मला मुळीच पटत नाही. माती उघडी पडली की पेट्रोलमधली बेंझिनसारखी हलकी, विषारी द्रव्यं उडून जातात, मग नमुना घेऊन उपयोग काय? आणि जुन्या टाकीत वाफ साठलेली असेल तर बकेटची एक ठिणगी पुरते. यात माणसं मरू शकतात.

उरला बोअर आणि लॅब: यंत्राने अरुंद भोक पाडून खालच्या मातीचा नमुना तपासायला द्यायचा. खर्च जास्त, पण मराठवाड्यात खरं उत्तर इथेच मिळतं, कारण आपली जमीन फसवी आहे. वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली भेगाळलेला खडक. काळी माती उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते आणि पाइपांच्या सांध्यांवर ताण आणते. टाकीचा खड्डा मात्र मुरमापर्यंत गेलेला असतो. गळलेलं तेल तिथे वाटीत साठावं तसं साठतं आणि खडकातली भेग सापडेल तिकडे जातं. टाकीपासून दहा फुटांवरची माती कोरी आणि शेजारच्या विहिरीला वास, असं होऊ शकतं.

म्हणून नमुने प्लॉटभर सारख्या अंतरावर घेऊ नका. टाकीच्या चारी बाजू, डिस्पेंसरखाली (तेल भरायच्या मशीनखाली), टँकर रिकामा करायच्या जागी घ्या. माती मुरमाच्या थरापर्यंतची हवी, काचेच्या बरणीत गच्च भरून बर्फात.

पाण्याबाबत चूक हमखास होते. पेट्रोल, डिझेल पाण्यावर तरंगतं. पाण्याच्या खोल बोअरवेलची मोटर चालू करून बाटली भरली तर ते येणारच नाही, शिवाय केसिंग पाइपने वरचं पाणी बरंच अडवलेलं असतं. जवळची उघडी विहीर जास्त खरं सांगते. पोहऱ्याने अलगद वरचं पाणी काढा. विरघळलेल्या बेंझिनसाठी दुसरा नमुना, बाटलीत हवेचा बुडबुडा न ठेवता. पिण्याच्या पाण्यात बेंझिनची जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. एवढं नाकाला कळत नाही. जमलं तर मे महिन्यात आणि पावसाळ्यानंतर, असं दोनदा तपासा, कारण पाणी चढलं की मुरमात अडकलेलं तेल हलतं.

मग कुणी काय निवडावं? टाकी अजून जमिनीत असेल, आसपास पिण्याची विहीर असेल किंवा तिथे घर, दवाखाना बांधायचा असेल, तर बोअरच्या पूर्ण तपासणीशिवाय खरेदीखत करू नका. पंप थोडीच वर्षं चालला, टाक्या काढल्याचे कागद आहेत आणि नुसती गोदामाची शेड टाकायची आहे, तर कागद, टाकीच्या जागी दोन बोअर आणि विहिरीचा एक नमुना एवढ्यावर मी थांबेन.

तपासणी जागा विकणाऱ्याने केली असली तरी नमुने घेताना स्वतः उभे राहा. लॅब एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेची हवी. साठेखतात लिहून घ्या: अहवालात दूषण निघालं तर इसार परत, किंवा सफाई विकणाऱ्याच्या खर्चाने. केंद्राने जुलै २०२५ मध्ये दूषित स्थळांचे नियम काढले आहेत आणि त्यांचा रोख प्रदूषण करणाऱ्याने भरावं असाच आहे. पण जुना पंपवाला शोधत तुम्ही फिरणार, आणि तोवर नासलेली विहीर शेजाऱ्याचीच आहे.